चार हात

टेप सापडला नाही.
हिरामण इलेक्ट्रिशियन एरंडोलला गेला
तो टेप खिशात घेऊनच गेला असणार,
आणि तिकडचा रस्ता आता बांबू आडवे टाकून बंद.
म्हणून हातानंच मोजायला घेतली
जळगाव एमआयडीसीतली ही डाळमिल,
बावन्न दिवस झोपलेली.

सहा फूट म्हणजे चार हात.
कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, चार वेळा.
'त्याच्यापासून चार हात लांब राहा'
असं आई कुणाकुणाबद्दल सांगायची,
तिला हे अंतर इतकं नेमकं कसं ठाऊक होतं,
असा विचार करत मी रांगत होतो
तुरीच्या भुशातून,
मे महिन्यातल्या तापल्या पत्र्याखाली.

शेठनी फॉर्म दिलेला. सात पानं.
"तुझं अक्षर बरं आहे, भरून टाक.
सोमवारी चालू करायचंय."
जागा कोणती. कोण येतं. कशाकशाला हात लागतो.
धोका : कमी, मध्यम, जास्त.

दाराची कडी : जास्त.
माठ, आणि त्याला साखळीनं बांधलेला एकुलता पेला : जास्त.
(साखळी मीच बांधली होती, पेला चोरीला जाऊ नये म्हणून.)
अंगठ्याचं मशीन
इथं पेन थांबलं.
झेलाबाईचा अंगठा या मशीननं कधीच ओळखला नाही.
तीस वर्षं डाळ निवडून रेषा पुसून गेलेल्या,
मशीन रोज म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा,
आणि मी तिची हजेरी वहीत मांडायचो.
तिच्यापुरता धोका : नाही.
असा रकाना नव्हता. मी पाडला.

'खोकणाऱ्या कामगारास त्वरित घरी पाठवावे.'
मग थांबणार कोण?
मशीन सुरू झालं की पहिल्या तासात
गफूर तडवी खोकतो, मग चाळणीवरची पोरं, मग मी,
गोदामातली मांजरसुद्धा.
कपाट आवरताना अकरा वर्षांपूर्वीचा अर्ज निघाला :
धुळीसाठी तोंडाला बांधायला फडकं मिळावं.
खाली एकोणीस अंगठे.
कोपऱ्यात माझ्याच बऱ्या अक्षरात :
सध्या गरज वाटत नाही.

आज टेबलावर मास्कचा खोका आहे. पाचशे नग.

शुक्रवारी चौघींना बोलावलं, नुसतं बसून बघायला.
झेलाबाई, केवळबाई, सुपडाबाई आणि तिची सून.
एरवी एका ढिगाभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या,
आता खडूच्या चौकोनात एकेक.
"ढीग एक, आनि आम्ही चार गावमा," झेलाबाई म्हणाली.
"इतलं लांब बठीसन बोलानं कसं?"
बोलायचंच नाही, मी म्हणालो,
आणि बटण दाबलं.

पट्टा फिरला. पत्रा थरथरला.
केवळबाई काहीतरी बोलली,
मास्कचं कापड तेवढं आतबाहेर झालं.
झेलाबाईनं कान पुढे केला, हात हलवला.
मग केवळबाई ओरडली,
सगळ्या मिलला ऐकू जाईल असं ओरडली :
जावई सुरतहून पायी निघालेला,
नवापूरच्या पुढे त्याचा फोन लागत नाही.

हे काय ओरडून सांगायचं असतं?

पान तीन : चार हातांहून कमी अंतर, धोका जास्त.
पान पाच : मोठ्याने बोलणे, धोका जास्त.
दोन्हीवर मी खूण केलेली होती.

मशीन बंद केलं.
भुसा हळूहळू खाली बसत होता.
कुणी चौकोन सोडला नाही,
केवळबाई पुन्हा नंबर लावत होती.

शिफारस या रकान्यात लिहिलं,
दर तासाला दहा मिनिटं मशीन बंद ठेवावे.
कारण : ऐकू येण्यासाठी.

पेन्सिलनं लिहिलं.